जीपीएस, लॅपटॉप आणि बाबा

आम्ही दोघा मित्रांनी मिळून एक जुनी २५ फुटी शिडाची होडी घेतली आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. (होडीपेक्षा दुरुस्तीवर जास्त खर्च झालाय, हेही!) या उन्हाळ्यात मला गॅजेट्सचं वेड लागलं. जुन्या लॅपटॉपवर 'ओपनसीपीएन' हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, 'नोआ' या अमेरिकन सरकारी संस्थेचे फुकट नकाशे उतरवून घेतले आणि यूएसबीचा एक छोटासा जीपीएस जोडला. चेसापीक उपसागराच्या नकाशावर आपलीच होडी मुंगीसारखी सरकताना बघायला काय मजा येते म्हणून सांगू!

तेव्हा बाबा भारतातून आले होते. त्यांना मी मारे ऐटीत सगळं दाखवलं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून आपण कुठे आहोत हे काही मीटरच्या आत कळतं, वगैरे वगैरे. बाबांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलेलं. सगळं ऐकून म्हणाले, "आमचा तरीवाला वल्हं खाली टोचून पाणी बघायचा."

दुपारी एका खाडीत शिरताना ते म्हणाले, "अरे, इथे पाण्याचा रंग वेगळा दिसतोय." मी स्क्रीनवरून मान न काढता म्हटलं, "नकाशात काही नाहीये बाबा." दोन मिनिटांत होडी कचकन थांबली. बाबा पुढे उभे होते, ते गुडघ्यावर आपटले. माझ्या पोटात गोळाच आला.

चेसापीकची सरासरी खोली जेमतेम २१ फूट. आम्ही रुतलो तिथे नशिबाने मऊ चिखल होता. शीड उतरवलं, सगळे एका बाजूला जाऊन बसलो, होडी कलली तसा तळ थोडा सुटला आणि इंजिन उलटं चालवून बाहेर पडलो.

रात्री घरी नकाशा मोठा करून पाहिला. उथळ जागा तिथे होतीच! सगळा प्रवास एका नजरेत दिसावा म्हणून मी नकाशा लहान करून ठेवला होता, आणि तसं केलं की गर्दी नको म्हणून बारीकसारीक तपशील गळतात. खोली मोजणारं यंत्रही होतं. त्याचा भोंगा सारखा वाजतो म्हणून मीच बंद केला होता.

२०१४ च्या व्हॉल्वो ओशन रेसमध्ये 'टीम वेस्टास विंड' ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला प्रवाळांवर आदळली, तीही नकाशा पुरेसा मोठा करून न पाहिल्यामुळे. ते वाचून मी तेव्हा म्हटलं होतं, असं कसं होऊ शकतं?

असो. गॅजेट्स आहेतच. पण आता निघण्याआधी सगळा मार्ग नकाशा मोठा करून बघतो, भोंगा चालू ठेवतो, आणि एक माणूस फक्त पाण्याकडे बघतो.

बाबांचा गुडघा आठवडाभर सुजला होता. आईला त्यांनी फोनवर सांगितलं, "जिन्यावरून घसरलो." आई हा ब्लॉग वाचते. आता तिला कळेलच :)