स्वयंपाकघरातली भाषा

वेंगुर्ले

चि. मंजूस,


तुझा आवाजी निरोप तीनदा ऐकला. ‘चिनूला शाळेत फ्रेंच घ्यायला लावू की स्वाहिली, एका ओळीत सांग’ म्हणालीस. स्वाहिली. झाली तुझी ओळ. पण पुढे हसत हसत ‘नाहीतरी तो दिवसभर कामवालीची भाषा बोलतोच’ असं जे जोडलंस ना, ते काही घशाखाली उतरेना. कालची दुपारची झोप त्यातच गेली, म्हणून हे कागद काळे करत्ये.

अगं, दार-ए-सलामला राहून दोन वर्षं झाली तुला! ज्या भाषेला कामवालीची म्हणतेस, तीत त्या देशाच्या पहिल्या अध्यक्षांनी, न्येरेरेंनी, शेक्सपिअर नेला. अध्यक्षपदावर असताना, १९६३ साली ‘ज्युलियस सीझर’. नंतर ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, त्याचं नाव ठेवलं ‘माबेपारी वा वेनिसी’. त्या ‘माबेपारी’त आपला बेपारी दिसला का? तशी गाडीची ‘गारी’ आहे, लाखाचं ‘लाकी’ आहे, विम्याचा ‘बिमा’ आहे. (आणि मोठ्या बाईला तिथे आदरानं ‘मामा’ म्हणतात, हे ऐकल्यापासून तुझा मामा घुश्शात आहे. ते असो.)

शाळेला ‘शुले’ म्हणतात, तो शब्द मात्र जर्मनांचा. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे त्यांचं राज्य. शंभरावर भाषांचा मुलूख हाकायचा तर कारकुनांना एक भाषा हवी, म्हणून त्यांनी कचेऱ्यांत स्वाहिली चालवली. प्रेमबीम काही नव्हतं गं, सोय होती. मागून इंग्रज आले, त्यांनी १९३० साली भाषेची समिती नेमली. झांझिबारच्या शहरी बोलीला प्रमाण मानलं आणि मोंबासाची बोली, जुनी कवींची बोली, राहिली बाजूला. पुण्याची मराठी ती शुद्ध आणि आमची मालवणी ती गावंढळ, तसंच की!

शब्दांवरून आठवलं. स्वाहिलीत तुरुंगाला ‘गेरेझा’ म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, आणि त्याचा अर्थ चर्च! म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यातली ‘इगर्ज’ ती हीच. एकच शब्द इकडे मेणबत्त्या घेऊन बसला आणि तिकडे गजाआड गेला. पणशीकरणीच्या ओट्यावर मी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

आता कान उघडे ठेवून ऐक. डचांची वखार तुला ठाऊक आहे, पडक्या भिंतींवर चढून गुडघा फोडून घेतला होतास. ती इथे उभी राहिली त्याच सुमाराला, १६५२त, डच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपला उतरले. तिथे त्यांनी गुलाम नेले. मलायाकडचे, मादागास्करचे, आपल्या हिंदुस्थानातलेसुद्धा. धन्याची डच या माणसांच्या आणि तिथल्या खोईखोई लोकांच्या तोंडी पडली, मोडली, वळली. तिला हिणवून काय म्हणत माहीत आहे? स्वयंपाकघरातली डच! केपच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहीत. तीच पुढे गोऱ्यांनी आपली म्हणून उचलली, आफ्रिकान्स नाव दिलं, आणि १९२५ साली ती सरकारदरबारी बसली. मग काळ्या मुलांना निम्मे विषय तिच्यातूनच शिकायची सक्ती झाली. १९७६च्या १६ जूनला सोवेटोची मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. शाळेची मुलं, मंजू! कुठे ते चुलीपुढचं बोलणं, आणि कुठे या गोळ्या.

राज्य गेलं म्हणून खोड जात नाही. केनियाचे लेखक न्गुगी, त्यांचं मी तुला मागे लिहिलं होतं, ते २०२५मध्ये गेले. त्यांच्या लहानपणी शाळेत गिकुयू, म्हणजे घरची भाषा, बोललेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत, छड्या मारत, आणि मुलांनीच मुलं पकडून द्यायची. हे झालं साहेबाचं. पण स्वतंत्र केनियातलं बघ. इंग्रजी कादंबऱ्यांत त्यांनी सत्तेला काही कमी सुनावलं नव्हतं. पण १९७७त गावकऱ्यांना घेऊन गिकुयूत नाटक केलं आणि त्याच वर्षाअखेर तुरुंगात गेले. तिथे शौचाच्या कागदावर गिकुयूतच कादंबरी लिहिली.

तुला बोलत्ये खरी, पण माझे हात कुठे स्वच्छ आहेत? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चौथीतला एक पोरगा फळ्यापाशी येऊन म्हणाला, ‘बाई, माका जमाचा नाय.’ गणित येत नाही म्हणून नव्हे, ‘माका’ म्हणाला म्हणून मी त्याला बाकावर उभं केलं. घरी जाऊन आईशी मी त्याच बोलीत बोलले. तो मग वर्षभर वर्गात बोललाच नाही. बाजारात भेटतो अजून. मासे चांगले देतो आणि माझ्याशी मात्र शुद्ध बोलतो.

तुझ्या घरी काम करणारीची मुलगी यंदा माध्यमिकला गेली, असं तूच म्हणालीस. तिथल्या सरकारी शाळांत खालचे वर्ग स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत. एका वर्षात सगळी पुस्तकं परकी झाली असतील तिला. कुणी बसवतं का अभ्यासाला? तुझ्या जेवणघरातल्या टेबलाशी चिनूबरोबर तासभर बसली तर तुझं काय जातंय? तो तिला इंग्रजी वाचून दाखवील, ती त्याचं स्वाहिली सुधारील. की तेही तुझ्या सोसायटीत चालत नाही?

आमसुलं आणि कुळथाचं पीठ सांगलीकरांच्या सुनेबरोबर पाठवत्ये. आणि हो, दोन वर्षांत तुझ्याकडे काम करणाऱ्या त्या बाईचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. तेवढं कळव.

तुझी,
मावशी