बंदरात घडलेली हुरहूर

पत्र पहिलं : लिस्बन

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोर्तुगालविषयी काहीही वाचायला घे, ‘सौदाद’ हा शब्द हटकून भेटतो. जे गेलं, किंवा जे कधी आलंच नाही, त्याच्यासाठी लागलेली गोड, दुखरी हुरहूर म्हणजे सौदाद. ती पोर्तुगीज माणसाच्या रक्तातच असते, असं मोठ्या अभिमानानं सांगतात आणि साक्षीला तीन गोष्टी आणतात : पेसोआचं लेखन, फादो हे गाणं आणि पोर्ट ही वाइन. या तिन्हींच्या जवळ जाऊन पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. ही हुरहूर रक्तातली नाही, बंदरातली आहे. जहाजांबरोबर जे आलं आणि जे गेलं, त्यातून ती घडली. आणि म्हणूनच ती मला अधिक मोलाची वाटते.

आधी पुस्तकं. फर्नांदो पेसोआ १८८८ साली लिस्बनमध्ये जन्मला, पण मधला थोडा काळ सोडला तर सातव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत वाढला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये. शाळा इंग्रजी, सुरुवातीच्या कविताही इंग्रजी. १९०५ मध्ये परतल्यावर लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रं लिहून त्यानं पोट भरलं. हयातीत त्याचं पोर्तुगीज पुस्तक निघालं ते एकच, १९३४ मध्ये. पुढच्याच वर्षी तो गेला, तेव्हा मागे एका पेटाऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद राहिले. त्यांतून निवडून जुळवलेलं ‘अस्वस्थतेचं पुस्तक’ १९८२ मध्ये प्रथम छापलं गेलं. त्याचा निवेदक एका पेढीतला साहाय्यक हिशेबनीस आहे, म्हणजे जगातल्या अत्यंत एकाकी पुस्तकांपैकी एक खतावणीच्या कडेला बसून लिहिल्यासारखं आहे. पानांचा क्रम संपादकांनी लावलेला असल्यामुळे हे पुस्तक सलग वाचू नये. रोज एखाददुसरं पान घ्यावं. आपल्याच भाषेकडे पाहुण्यासारखं पाहता आलं, म्हणून पेसोआला तिच्यातलं इतकं दिसलं, असं मला वाटतं. त्याच्या जोडीला जोझे सारामागोची १९८४ ची कादंबरी मिळवून वाच. पेसोआनं कल्पिलेला रिकार्दो रेइश हा कवी-डॉक्टर १९३५ सरताना ब्राझीलहून बोटीनं परततो आणि मेलेला पेसोआ त्याला भेटायला येतो. बाहेर सालाझारची हुकूमशाही घट्ट होत असते, शेजारी स्पेन पेटतो आणि रेइश नुसता पाहत राहतो. पेसोआवरची याहून चांगली टीका माझ्या वाचनात नाही. हुरहुरीत रमलेली माणसं सत्ताधाऱ्यांना किती सोयीची असतात, हे ती दाखवते.

पत्र दुसरं : लिस्बन, मौरारिया

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हुरहूर रक्तातली नाही, बंदरातली, हे फादोलाही लागू पडतं. या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गाणं रुजलं. त्याची पहिली नामवंत गायिका मारिया सेवेरा १८४६ मध्ये सव्विसाव्या वर्षी वारली. खलाशी, हमाल, वेश्या यांच्या वस्तीतलं हे गाणं आज देशाचं मानचिन्ह आहे आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीतही गेलं. पण त्याचं मूळ शोधायला गेलं की वाट समुद्राकडेच वळते. ब्राझीलमध्ये फादो नावाचा एक नाच होता, आणि आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या लुंदू या नाचगाण्याशीही अनेक अभ्यासक या गाण्याचं नातं लावतात. नेपोलियनच्या स्वारीपुढे ब्राझीलला गेलेला राजदरबार १८२१ मध्ये लिस्बनला परतला, त्या सुमारास ये-जा वाढली आणि सूरही आले. साथीला वाजणारी बारा तारांची पोर्तुगीज गितार घडली, तीही अठराव्या शतकात पोर्तोच्या बंदरात उतरलेल्या इंग्लिश गितारीचा धागा घेऊन.

ऐकायचं तर अमालिया रॉद्रिगेसपासून सुरुवात कर. तिच्या आवाजात तक्रार नसते, कबुली असते. तिच्या उत्तम चालींपैकी कितीतरी आलें उलमां या संगीतकाराच्या आहेत. तो फ्रेंच ज्यू घराण्यातला होता, आणि सालाझारच्या पोलिसांनी त्याला अटक करून देशाबाहेर घालवलं. अमालिया आणि उलमांनी मिळून सोळाव्या शतकातल्या कामोंइशच्या कविता फादोत आणल्या, तेव्हा एवढ्या थोर कवीला या गल्लीतल्या गाण्यात ओढलं म्हणून विद्वानांनी नाकं मुरडली होती. आजची नावाजलेली मारिझा मोझांबिकमध्ये जन्मली आणि या मौरारियात वाढली. रक्ताचा सिद्धांत मानला तर या दोघांना कुठे बसवायचं?

पत्र तिसरं : पोर्तो

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोर्टची कथा तर उघड व्यापाराची आहे. फ्रान्सशी वैर आलं आणि इंग्लंडला दुसरी वाइन हवी झाली. १७०३ च्या तहानं पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. दोरो नदीच्या खोऱ्यातली द्राक्षं आंबत असतानाच त्यांत द्राक्षांचं कडक मद्य ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि दारू वीस टक्क्यांच्या आसपास चढते. ती लांबच्या प्रवासात टिके आणि इंग्लंडला गोडही लागे. भेसळ माजली तेव्हा राजाचा मंत्री पोंबाल यानं १७५६ मध्ये या खोऱ्याची हद्द ठरवली आणि पुढे ती दगडी खांब रोवून आखली गेली. नदीपलीकडच्या ‘गाया’ या गावातल्या वखारींवर आजही इंग्लिश आणि स्कॉटिश घराण्यांची नावं आहेत. मला लाल, ताज्या रुबीपेक्षा पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली टॉनी आवडते. रंग उतरत जातो आणि अक्रोड, सुक्या अंजिराची चव वर येते. जेवणानंतर, छोट्या पेल्यात, तीही थोडीच.

तू म्हणशील, सगळंच बाहेरून आलं तर पोर्तुगालचं असं उरलं काय? उरली ती मेहनत. पाटीच्या दगडाचा डोंगर फोडून, बांध घालून ज्यांनी मळे उभे केले, ज्यांनी परक्या गितारीला आपला सूर लावला, ज्यानं पेढीतून परतून रात्री पोर्तुगीज वाक्य घासलं, त्यांचं हे आहे. आपल्याकडे बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले, काजू त्यांनी ब्राझीलहून आणला. पण बटाटेवड्याची फोडणी आपली, आणि काजूची फेणी गोव्याची.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बंदराचं कौतुक करताना गुलामांची जहाजं आणि गोव्यातलं इन्क्विझिशन विसरायचं का? मुळीच नाही. ही देवघेव बरोबरीच्या माणसांची नव्हती. पण रक्ताची गोष्टच नेमकं हे विसरायला लावते. फादो जन्मजात मानला की लुंदू नाचणाऱ्या गुलामाचं नाव काढायची गरज उरत नाही; पोर्टला मातीचा गुण म्हटलं की बांध घालणारे हात पुसले जातात. कुठली गोष्ट कुणाकडून आली हे सांगणं म्हणजे तिचं मोल उतरवणं नव्हे, ते ऋण मान्य करणं आहे. म्हणून आता कुणी सौदादचं भाषांतर होत नाही म्हणालं, तर मी विचारीन, ती हुरहूर कुणाची? जहाजावर चढलेल्याची, धक्क्यावर उभ्या राहिलेल्याची, की साखळदंडानं आणलेल्याची? फादोत मला तिघांचेही आवाज ऐकू येतात, आणि तिसरा सर्वांत खालचा आहे. अमालिया लावशील तेव्हा त्याच्याकडे कान दे.

तुझा,
धाकटा