कालिंपाँगला दोन रात्री

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर वंदना केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चार मैत्रिणी हिमालयाकडे निघालो. चौघीही साठीच्या आसपासच्या. एक निवृत्त परिचारिका, एक विमा कार्यालयातून निवृत्त झालेली, एक शिवणकामाचे दुकान चालवणारी आणि मी शाळेतली बाई. सामान फक्त पाठीवर मावेल तेवढेच घ्यायचे, असे ठरले होते. त्यामुळे मुलांच्या कॉलेजच्या पाठपिशव्या आमच्या पाठीवर आल्या. माझा मुलगा स्टेशनवर म्हणाला, "आई, हमाल तरी कर." मी म्हटले, "अरे, तुझ्या आजीने डोक्यावर सरपणाच्या मोळ्या वाहिल्या. ही पिशवी ती काय जड!"

बेत गंगटोकचा होता. वाटेत एक रात्र कालिंपाँगला काढायची, हा हट्ट माझा. त्याचे कारण माझी आई.

आई १९५६ साली सोळा वर्षांची होती. ६ डिसेंबरची संध्याकाळ ती मरेपर्यंत सांगत राहिली. बाबासाहेब गेल्याची बातमी आली, तेव्हा दीक्षा घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. इंदोऱ्यातली माणसे रडत रडत कस्तुरचंद पार्ककडे चालू लागली. मोठमोठे कार्यकर्ते बोलायला उभे राहत आणि हुंदका फुटून खाली बसत. मग चिवर घातलेले एक गोरे भंतेजी रिक्षाच्या सीटवर उभे राहिले आणि बोलू लागले. त्यांचे शब्द आईला आठवत नसत. ती एवढेच म्हणे, "ते बोलले म्हणून आम्ही त्या रात्री घरी परतू शकलो. नाहीतर तिथंच बसून राहिलो असतो."

ते भंतेजी म्हणजे संघरक्षित. जन्म १९२५ चा, लंडनचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून भारतात आले, पुढे भिक्खू झाले. १९५० साली भिक्खू जगदीश काश्यप यांच्यासोबत ते कालिंपाँगला आले आणि गुरूंच्या सांगण्यावरून धम्मकार्यासाठी तिथेच राहिले. तिथूनच त्यांनी बाबासाहेबांशी पत्रव्यवहार केला. १९५२ साली मुंबईत दोघांची पहिली भेट झाली, तर शेवटची नोव्हेंबर १९५६ मध्ये दिल्लीत. ६ डिसेंबरला ते मुंबईहून रेल्वेने नागपूरला उतरले आणि ही बातमी त्यांच्या कानावर आली. बाबासाहेब तुमच्यात जिवंत आहेत, त्यांचे काम पुढे न्या, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. पुढचे चार दिवस ते नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत फिरले आणि त्यांनी सुमारे चाळीस सभा घेतल्या. पुढे त्यांच्या वैयक्तिक वर्तनाबद्दल त्यांच्याच संघात गंभीर प्रश्न उभे राहिले आणि २०१६ साली त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला, हेही सांगितले पाहिजे. २०१८ साली त्यांचे निधन झाले. पण त्या चार दिवसांचे ऋण नागपूरला विसरता येणार नाही. ते ज्या गावातून आले होते, ते गाव मला एकदा पाहायचे होते.

नागपूरहून हावडा, मग सियालदहहून रात्रीच्या गाडीने न्यू जलपायगुडी, आणि तिथून सामायिक जीप. सेवकपासून तिस्ता नदी रस्त्याच्या सोबतीला येते. पाणी मातकट हिरवे, प्रवाह जोराचा. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून या नदीला महापूर आला होता. तिस्ता बाजारात त्या पुराने गाळात गेलेली घरे ड्रायव्हरने बोटाने दाखवली आणि तो गप्प झाला. पूल ओलांडला की चढण लागते. तीन तासांत आम्ही साडेबाराशे मीटर उंचीवरच्या कालिंपाँगला पोहोचलो.

देवलो आणि दुर्पिन या दोन टेकड्यांच्या मधल्या धारेवर हे गाव वसले आहे. २०१७ पासून ते पश्चिम बंगालमधल्या वेगळ्या जिल्ह्याचे ठाणे झाले, तरी बोली नेपाळी. एके काळी तिबेटची लोकर खेचरांवर लादून जेलेप खिंडीतून इथे येई आणि इथून जगभर जाई. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली. याच गावातून थार्चिन बाबू १९२५ पासून तिबेटी भाषेत वृत्तपत्र काढत. आपल्या बाबासाहेबांचे 'मूकनायक' १९२० चे आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. डोंगरातल्या लहानशा छापखान्यातून एक माणूस आपल्या लोकांना जगाची खबर देत होता, हे कळल्यावर मला तो परका वाटेना.

उतरलो त्या घरची मालकीण तामांग समाजाची होती. चहा देता देता तिने हिंदीत विचारले, "आप लोग मराठी, मतलब हिंदू ना?"

आमची विमा कार्यालयातली मैत्रीण प्रवासात असा प्रश्न आला की खिडकीबाहेर बघू लागते. नोकरीची तीस वर्षे तिने आडनाव अर्धवट उच्चारून काढली. एकदा सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेली असताना, ती बौद्ध असल्याचे कळताच एका बाईने आपला डबा हळूच बाजूला ओढला होता. तेव्हापासून "नागपूरची" एवढेच ती सांगे. त्या संध्याकाळी मात्र आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नहीं दीदी, हम बौद्ध हैं." मालकीण हसली. "हम भी," म्हणाली आणि आणखी चहा ओतला. पुढे एकही प्रश्न आला नाही. मैत्रीण कप हातात धरून बराच वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, "अगं, एवढं सोपं असतं का हे?"

सकाळी आम्ही बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडून त्रिशरण पंचशील घेतले. मालकीण दारात येऊन हात जोडून उभी राहिली. चष्मा आणि निळा कोट घातलेले हे कोण, असे तिने विचारले. आम्ही सांगणार एवढ्यात पाणी भरायला आलेला तरुण म्हणाला, "ये तो आंबेडकर साहब हैं." तो विश्वकर्मा समाजाचा, म्हणजे लोहारकाम करणाऱ्या कामी जातीचा. त्याच्या वडिलांनी घरात ही तसबीर लावली आहे. डोंगरातही जात आहेच, तो सांगू लागला. बाजारात कोणी काही म्हणत नाही, पण गावी काही घरांच्या स्वयंपाकघरात त्याची आजी आजही पाऊल टाकत नाही. मालकीण म्हणाली, "हमारे यहाँ ऐसा नहीं." तो काही बोलला नाही. मग आमच्या परिचारिका मैत्रिणीने त्याला आमच्याबरोबर नाश्त्याला बसवले आणि मालकीणही त्याच चटईवर येऊन बसली. थुक्प्याच्या वाट्यांबरोबर नागपूरचा चिवडा फिरला.

त्या दिवशी निघायचे होते, पण गंगटोकच्या रस्त्यावर दरड कोसळल्याची बातमी आली. एका रात्रीच्या दोन रात्री झाल्या. मी मनात म्हटले, बरेच झाले.

दुर्पिन टेकडीवर झांग ढोक पालरी गोम्पा आहे. १९७६ साली दलाई लामांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. आत पद्मसंभवांची मूर्ती, भिंतींवर चित्रे, लोण्याच्या दिव्यांचा वास. शिवणकामवाली मैत्रीण उंबऱ्यातच थबकली. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण. इथं इतके देव, मुखवटे, दिवे! हे सोडूनच आलो ना आपण?" प्रश्न खरा होता. आम्ही बाहेर कठड्यावर बसून तासभर वाद घातला. मी म्हटले, आपण दिव्याकडे काही मागत नाही, बुद्धाला वंदन करतो. ती म्हणाली, आज वंदन करशील, उद्या तुझी नात नवस बोलेल. शेवटी तिने आत जाऊन बुद्धापुढे तीनदा डोके टेकवले आणि दिवा न लावता बाहेर आली. मी एक दिवा लावला. दोघींचेही काही बिघडले नाही. संघरक्षितांनी १९५७ साली या गावात स्थापन केलेल्या विहाराचे नावच 'त्रियान वर्धन विहार' होते. तिन्ही यानांना त्यात जागा होती. वाद करावा आणि एकत्र जेवावे, एवढे तरी त्या नावातून शिकता येते.

परतताना धर्दो रिंपोचे यांच्या शाळेजवळ थांबलो. तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी ती १९५४ साली सुरू केली आणि १९९० साली निधन होईपर्यंत, पैशांची कितीही ओढाताण झाली तरी, ती चालवली. संघरक्षित त्यांना आपले गुरू मानत. शाळा सुटली आणि मुले उतारावरून धावत आली. आईला अक्षर ओळखता येत नव्हते. पण दीक्षेनंतर तिने आधी काय केले असेल, तर धाकट्या भावाचे नाव शाळेत घातले. धम्म आणि शाळा या दोन गोष्टी आमच्या घरात बरोबरच आल्या, ते मला त्या फाटकापाशी आठवले.

दुसऱ्या दिवशी शनिवारचा हाट होता. तिथे छुर्पी घेतली आणि डल्ले मिरच्या घेतल्या. नागपूरच्या तर्रीवर वाढलेल्या आम्ही एकेक मिरची तोंडात टाकली आणि चौघींच्या डोळ्यांतून पाणी आले. विकणारी बाई पोट धरून हसली.

निघायच्या पहाटे ढग सरले आणि कांचनजंगा दिसले. आधी राखाडी, मग गुलाबी, मग पांढरे. कोणी बोलले नाही. मी आईचा जुना फोटो पिशवीतून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मार्च ते मे हे महिने बरे. स्वेटर आणि जास्तीचा एक दिवस हाताशी ठेवावा, कारण दरड विचारून कोसळत नाही. हाट बुधवारी आणि शनिवारी भरतो.

आणखी एक विनंती. ६ डिसेंबर १९५६ ची ती संध्याकाळ पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. तुमच्या घरी, शेजारी कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. माझ्या आईचे मी लिहून घेतले नाही. आठवते तेवढे इथे लिहिले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.