आजीसाठी राखून ठेवलेला गवती चहा

तुमच्याही डेकवर नाहीतर खिडकीत एक तुळस आणि एक गवती चहाची कुंडी असेलच. आमच्याकडे न्यू जर्सीतही आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही मस्त फोफावल्या होत्या. आई जूनमध्ये येणार, म्हणून मी एका पानाला हात लावला नाही, लेकीलाही लावू दिला नाही. "आजी आली की तिच्या हातचा चहा!"

पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जूनचा सप्टेंबर झाला. आल्यावर दुसऱ्याच दिवशी जेट लॅगमुळे पहाटे उठून तिनं चहा टाकला. एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, वासच नाही गं याला."

उजाडल्यावर ती कुंड्यांपाशी गेली. तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली, खोड लाकडासारखं. गवती चहाची बाहेरची पाती पिवळी पडून वाकलेली. "वेळेवर खुडली नाहीस ना?" एवढंच बोलली. मला मात्र ते फार लागलं.

मग मी वाचायला बसले. तुळशीच्या पानावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं. मंजिऱ्या आल्या की झाडाची ताकद फुलाबियांकडे वळते, नवी पालवी कमी होते. म्हणून मंजिरी दिसली की खुडायची. शेंडा खुडला की खालून नव्या फांद्या फुटतात. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा. कोवळ्या, पूर्ण उघडलेल्या पातीत तेल भरपूर असतं, पात जून होऊन वाळू लागली की कमी होतं.

पण कोवळं तेच चांगलं, असंही नाही हं! पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेन्थोन जास्त असतं. पान जून होतं तसं त्याचं मेन्थॉल बनतं, म्हणजे तो गारवा यायला वेळ द्यावा लागतो. म्हणून तेलासाठी पेपरमिंट लावणारे शेतकरी पीक फुलावर येऊ लागलं की कापणी करतात. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी.

आईनं गवती चहा वीतभर ठेवून कापला, मंजिऱ्या काढून बी कागदात बांधलं आणि थंडी पडायच्या आत कुंड्या घरात घेतल्या. नवी पालवी आली तेव्हा लेकीला शिकवलं, "आधी नमस्कार कर, मग खुड. सकाळी, दव सुकल्यावर. सूर्य मावळल्यावर तुळशीला हात लावायचा नाही."

त्या दिवशीच्या चहाला वास होता. लेकीला आम्ही दुधात दोन पाती उकळून दिल्या. कप नाकाशी धरून ती म्हणाली, "आई, आजीच्या घराचा वास येतो!" आई काही बोलली नाही, आणखी दोन पाती कात्रीनं बारीक करत बसली.

यंदा आईला प्रवास झेपणार नाही. पण कुंड्या राखून ठेवलेल्या नाहीत. दर शनिवारी सकाळी मायलेकी खुडतो आणि व्हिडिओ कॉलवर आजीला पान दाखवतो. ती चष्मा लावून बघते आणि सांगते, "हं, हे घे. ते राहू दे अजून."

तुमच्या कुंडीत काय आहे? आणि कुणासाठी राखून ठेवलंय? नक्की लिहा.