बिऱ्हाड आणि घर

शेक्सपिअर लंडनमध्ये नाटके लिहीत असता अ‍ॅन व मुले स्ट्रॅटफर्डला राहिली, यातून दुराव्याची कथा रचणे चरित्रकारांना फार सोपे गेले. मृत्युपत्रातील दुय्यम प्रतीचा पलंग मग पुरावाच ठरतो. वस्तुतः नाटकाचा व्यवसायच अस्थिर होता. १५९२च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ दोन वर्षे प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बहुतेक काळ बंद होती. अशा नाटककाराचे शहरात असते ते बिऱ्हाड. १६०४च्या सुमारास तो सिल्व्हर स्ट्रीटवर माउंटजॉय कुटुंबाकडे भाडेकरू होता. गाव सुरक्षित म्हणून कुटुंब तेथे ठेवले, असेही म्हणवत नाही: ११ वर्षांच्या हॅम्नेटचे दफन १५९६ मध्ये तेथेच झाले. तरीही पुढल्या वर्षी मोठे घर घेतले गेले ते स्ट्रॅटफर्डमध्येच, आणि १५९८च्या धान्यमोजणीत त्याच्या नावावर १० क्वार्टर माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेले सातू, नोंदले आहेत. हा पसारा मालकाच्या गैरहजेरीत कोणी तरी चालवीत असणारच. २०२५ मध्ये पुन्हा तपासल्या गेलेल्या एका पत्राच्या तुकड्यावरून अ‍ॅन काही काळ लंडनलाही राहिली असावी, असा तर्क पुढे आला आहे; तो ग्राह्य धरला तरी तिचे गावातले स्थान उणावत नाही. १६०१ मध्ये माहेरच्या एका मेंढपाळाने मृत्युपत्रात लिहवून ठेवले, की अ‍ॅनकडून येणे असलेले आपले ४० शिलिंग गावच्या गरिबांना द्यावेत. हे कलम पलंगाइतके प्रसिद्ध झाले नाही.