रोवणीच्या दिवसांत जॅझ

जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईतलं मोठं हॉटेल येतं, काळ्या कोटातले वादक येतात, मंद दिव्यांखाली नाचणारी जोडपी येतात. चित्र खोटं नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि मुंबईला हे संगीत त्याच्या मूळच्या वादकांकडून ऐकायला मिळालं. पण हॉटेलात ते विकलं गेलं, जन्मलं दुसरीकडेच. साकोलीत राहून मी जॅझपर्यंत पोचले ती बांधीच्या चिखलातून, आणि ती वाट आडवळणाची होती असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्याकडे आषाढात धानाची रोवणी सुरू होते. साकोलीतून महामार्ग सोडून कुठल्याही बाजूला वळा, दोन मिनिटांत बांध्या लागतात. पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावरून फेकलेल्या असतात, आणि बाया एका ओळीत वाकून, रोवत रोवत मागे सरकत असतात. मी आईबरोबर जायची तेव्हा मला रोवायला कुणी देत नसे, जुड्या पोचवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ऐकायला भरपूर मिळालं. एक बाई ओळ टाकायची. बाकीच्या ती उचलायच्या, पण जशीच्या तशी नाही, कुणी शेवट लांबवी, कुणी अर्ध्यावरच तोडून पुढची ओळ घाली. गाण्याला ठरलेला शेवट नव्हता. बांधी संपली की गाणं संपायचं. वाकून गायचं असल्यामुळे श्वास आखूड, म्हणून ओळीही आखूड, आणि पाय चिखलातून उपसायच्या वेळी प्रत्येक ओळीत एक धक्का. त्यातला गंधार पेटीवर शोधायला गेलात तर सापडणार नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी तो असे, आणि सगळ्याजणींचा तिथंच असे.

पुढे पुष्कळ वर्षांनी ब्लूज ऐकताना तो गंधार मला पुन्हा भेटला. जॅझवाले त्याला ब्लू नोट म्हणतात. पियानोच्या पट्ट्यांत तो मावत नाही म्हणून पियानोवाले दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतात. गाणारे आणि ट्रम्पेटवाले तर सरळ तिथं जाऊन थांबतात. हा स्वर अमेरिकेत आला तो गुलामांच्या गळ्यातून. दक्षिण करोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर अठराव्या शतकात भाताची प्रचंड शेती उभी राहिली, आणि त्या मळेवाल्यांना पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातली माणसं खास हवी असत. पाणी कसं अडवायचं, कधी सोडायचं, हे त्या माणसांना ठाऊक होतं. धानाचं ज्ञान हीच त्यांच्या विक्रीची किंमत ठरली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या, मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पोसलेल्या माणसाला तरी ही गोष्ट दूरची वाटू नये.

आणि ती आपल्या थोरांना कधी दूरची वाटलीही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण करून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. या डु बॉइस यांचं १९०३ सालचं एक पुस्तक आहे, कृष्णवर्णीयांच्या आत्म्याविषयीचं. त्यातल्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर कवितेखाली स्वरलिपीची एक ओळ छापलेली आहे. गुलामांच्या दुःखगीतांची ती स्वरलिपी, शब्दांशिवाय. ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही त्यांचं गाणं त्या माणसानं ग्रंथाच्या माथ्यावर बसवलं. आमच्या भंडाऱ्यातून १९५४ ची पोटनिवडणूक लढवून हरलेले बाबासाहेब आणि ते पुस्तक लिहिणारे डु बॉइस, एकाच पत्रव्यवहाराची ही दोन टोकं आहेत. जॅझ ऐकायला बसताना मी हे मनाशी ठेवते. त्यामुळे ऐकणं जड होत नाही, कान मात्र लक्ष देऊन ऐकतात.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येते, कारण नव्या माणसाची अडचण तिथंच असते. सगळे एकदम वाजवताहेत, कुणाकडे बघायचं? माझं उत्तर असं की बेसकडे बघा. ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत, १९५९ सालच्या मार्च आणि एप्रिलमधल्या दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली पहिली रचना 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बेस काहीतरी चाचपडत बोलतात, लय नाही. मग पॉल चेंबर्सचा बेस एकटा एक वाक्य टाकतो, आणि पियानो दोनच आघातांत त्याला दुजोरा देतो. पुन्हा वाक्य, पुन्हा दुजोरा. थोड्या वेळानं दुजोरा द्यायला ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन येऊन मिळतात. रोवणीतली पुढची बाई आणि मागच्या बाया! सवाल टाकायचा खालच्या, जाड, सहसा मागे राहणाऱ्या वाद्यानं, आणि होकार द्यायचा चमकणाऱ्या वाद्यांनी. या एका उलटापालटीसाठी मी ही रचना कितीही वेळा ऐकू शकते.

तिचा सांगाडा ज्यांना रागदारीची थोडी ओळख आहे त्यांना चटकन कळेल. काफी थाटाचे स्वर घ्या. पहिले सोळा बार त्या स्वरांत राहायचं. पुढचे आठ बार षड्ज अर्ध्या स्वरानं वर चढवायचा, काफी तोच. शेवटचे आठ बार पुन्हा मूळ षड्जावर. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन झालं. समेवर तबल्यासारखी थाप पडत नाही, त्यामुळे आपलं माणूस बावचळतं. पण षड्ज वर चढला की खोलीतला उजेड बदलल्याचं लगेच समजतं, आणि तो खाली आला की आपण कुठे आहोत ते कळतं. दोन-चार आवर्तनं बोटांवर मोजली की मोजणं सुटतं. मग कळतं की प्रत्येक वादकाला ते आवर्तन वाटून दिलेलं आहे. आधी माईल्स, त्याच्यामागून जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्ली, मग पियानोवर बिल इव्हान्स. माईल्स थोडे स्वर वाजवतो आणि मधे जागा सोडतो. कोल्ट्रेनला जागा सोडवत नाही, तो प्रत्येक स्वराला हलवून बघतो. अ‍ॅडर्ली आला की हवा मोकळी होते. स्वर तेच, लय तीच, माणसं मात्र तीन. या वादकांना आधी हातात फारसं काही दिलेलं नव्हतं, स्वरांचे ढोबळ आराखडे तेवढे दिले होते. तालमीवाचून जे उभं राहिलं तेच जगानं ऐकलं.

लयीबद्दल दोन गोष्टी, कारण त्या मला कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण चार मात्रांत टाळी देतो ती पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला. जॅझमध्ये हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडू द्यायचा. आधी हात ऐकत नाही. मग एके दिवशी आपोआप तिथं पडू लागतो, आणि सगळं संगीत जमिनीवरून एक बोट वर उचललं जातं. दुसरी गोष्ट स्विंगची. एका मात्रेचे तीन भाग करा, मधला मुका ठेवा, पहिला आणि तिसरा वाजवा. झांजेवर ड्रमवाला जे अखंड वाजवत असतो ते ढोबळपणे हेच. दादरा ज्याच्या अंगात मुरलेला आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' त्यानंतर ऐकावं. १९२८ सालचं ध्वनिमुद्रण आहे, तेव्हा खरखर असणारच. सुरुवातीची काही सेकंदं ट्रम्पेट एकटं आहे, साथीला कुणी नाही. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत वाढलेल्या आणि सुधारगृहाच्या बॅण्डमध्ये कॉर्नेट शिकलेल्या माणसानं त्या सेकंदांत काय केलं आहे ते शब्दांत मांडायचा माझा आग्रह नाही. ऐका.

उत्स्फूर्त वाजवणं म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असं समजणाऱ्यानं आमच्या खडीगंमतीचा दुय्यम बघावा. मंच नाही, पडदा नाही, शाहीर आणि त्याचे साथीदार उभे राहून गातात, म्हणूनच ती खडी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक होतं, आणि जिथं दुय्यम असेल तिथं दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकानं गाण्यात सवाल करायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, त्याच वृत्तात, डफाचा ठेका न मोडता उत्तर जुळवायचं. उत्तर आधी लिहून आणता येत नाही. पण ते हवेतूनही येत नाही. पुराणं, लावण्या, गुरूनं दिलेल्या हजारो ओळी पोटात असतील तरच ऐनवेळी ओळ सुचते. साकोलीत राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या कामामुळे आमच्यासारख्यांना आपल्या अंगणातली विद्या विद्या म्हणून दिसू लागली. अशी तयारी जॅझमध्येही लागते. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सनं नावारूपाला आल्यावर, १९५९ मध्ये, वाजवणं थांबवून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभं राहून एकट्यानं रियाज केला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. पुढे तो पवईच्या आश्रमात काही महिने राहिला, आणि १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तिथंही वाजवून गेला. शाहिरांचा आणि त्याचा धर्म मला एकच वाटतो.

आणि जॅझ विदर्भात कधी आलाच नाही, असं कुणी म्हणू नये. तो आला, फक्त नाव सांगून आला नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मुंबईत येऊन रात्री हॉटेलांत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवू लागली. हळदोण्याच्या आंतोनियो शावियेर वाझला लोक चिक चॉकलेट म्हणत, भारताचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. त्याचं ट्रम्पेट आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, चाल यांची गाठ पडली आणि १९५१ मध्ये 'अलबेला' झाला. त्यातलं 'शोला जो भडके' एकदा भगवानदादांचा नाच न बघता, डोळे मिटून ऐका. गाणाऱ्यांच्या मधल्या जागांत वाद्यं काय बोलतात तेवढंच ऐका. १९५७ चं 'ईना मीना डीका' तसंच ऐका. पुढे 'ऐ मेरे वतन के लोगो' ज्यांनी दिलं त्याच माणसानं हे दिलं, आणि दोन्हींत त्यांचं मन तितकंच खरं आहे. चिक चॉकलेट १९६७ साली गेला. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर पुस्तक लिहिलं नसतं तर या वादकांतल्या कित्येकांची नावं आज आपल्याला ठाऊकही नसती. आपण त्यांच्या सुरांवर पिढ्यान्‌पिढ्या वराती काढल्या.

त्या वरातींतले वादक अजून आहेत. धुमालच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे त्यांची कामं कमी झाली, तरी साकोलीच्या आसपास क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारी माणसं आहेत. लग्नसराईत वाजवतात, रोवणीला मजुरीला जातात. त्यांतल्या एका वयस्क क्लॅरिनेटवाल्याला मी 'सो व्हॉट' ऐकवलं. पारावर बसून, मोबाईल कानाशी धरून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. कोल्ट्रेन सुरू झाला तशी त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडायला लागली, नुसत्या ठेक्यावर नाही, भोकं झाकल्यासारखी. संपल्यावर म्हणाले, "गाना त सप्पाईलेच येते, बाई. मंधी जो वाजवतो ना, तो आपला." वरातीत दोन कडव्यांच्या मधे मालक लक्ष देत नाही तेवढ्यात आपण तसं वाजवून घेतो, हेही त्यांनी सांगितलं. मी त्यांना वाजवायला लावलं. त्यांनी 'अलबेला'तलं गाणं धरलं आणि मधे सोडून दिलं, आणि मग जे वाजवलं त्याला नाव नव्हतं.

म्हणून गावोगावच्या मंडई समित्यांना माझी विनंती आहे. दंडार असू द्या, नाटक असू द्या, दुय्यम तर हवाच. पण यंदा बॅण्डमधल्या या जुन्या वादकांना एक तास द्या. माईक द्या, खुर्च्या द्या, ठरल्याप्रमाणे मानधन द्या, आणि फर्माईश करू नका. गाण्याच्या मधलं जे त्यांचं स्वतःचं आहे ते त्यांना सगळ्यांसमोर वाजवू द्या. डफवाला शाहीर शेजारी उभा राहायला तयार असेल तर त्यालाही घ्या. पैशांची अडचण असेल तर माझी वर्गणी आधी लिहा.