चौथ्या गाण्यातला तबला

बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ऐकायला बसले तेव्हा कानाची शिदोरी म्हणून माझ्याकडे होतं ते एवढंच: विविध भारती, घरातलं भजन, थोडं नाट्यसंगीत आणि नागपुरात वाढलेल्या माणसाच्या कानावरून कधीच न सुटणारी भीमगीतं. रॉक हा प्रकार मी लांबूनच, तोही लग्नाच्या डीजेवर ऐकलेला. भाच्यानं हेडफोन हातात देताना एकच अट घातली. "आत्या, मधलं एकही गाणं सोडायचं नाही. जसं लावलं आहे तसंच ऐकून पाह्य. अन् पहिल्या वेळी काहीच नाही समजणार, हे आधीच सांगून ठेवतो."

14 गाणी, जेमतेम 35 मिनिटं. आमच्याकडे एवढ्या वेळात एखाद्या रागाचा विलंबित ख्याल रंगात येतो. इथं मात्र दर अडीच-तीन मिनिटांनी जगच बदलत होतं. पहिल्या गाण्याच्या आधी कुणीतरी आकडे मोजतं, खोकतं, आणि मग सुरू होते ती थेट आयकराबद्दलची तक्रार, ब्रिटनच्या दोन बड्या पुढाऱ्यांची नावं घेऊन. दुसऱ्यात गिटार नाही, ड्रम नाहीत. फक्त व्हायोलिन, व्हायोला, चेलो. तिसऱ्यात गिटार आहे, पण तिचे सूर मागे ओढल्यासारखे येतात; टेप उलटी फिरवून ते घेतलेत हे नंतर कळलं. स्थायी कुठली, अंतरा कुठला, गातंय कोण, आधी गायला तोच का हा? हाताला काही लागेना. वाद्यं एका कानात, बाकीचं दुसऱ्या कानात, अशीही गंमत अधूनमधून. एकच वाद्यवृंद हे सगळं वाजवतोय यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

आणि चौथं गाणं सुरू झालं. स्वरमंडळावरून बोटं फिरावीत तसा सूर सांडला, सतार बिनतालाची थोडी फिरली, आणि तबला आला.

तबला मला कळतो. माझे बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका भजनी मंडळात आयुष्यभर तबला वाजवत होते. डग्ग्यावरची मींड, चाटीवरचा स्वच्छ 'ना', हे मी अक्षरं ओळखायच्या आधीपासून ओळखते. 'लव्ह यू टू' हे त्या गाण्याचं नाव. इंग्रजी शब्द अर्धे निसटले, पण ठेका निसटला नाही, आणि शेवटी लय चढते तिथं मी मांडीवर ताल धरला होता. तेवढ्या तीन मिनिटांच्या जोरावर मी उरलेली दहा गाणी ऐकू शकले.

भाच्यानं मग रेकॉर्डच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. तिथं बारीक अक्षरांत, जॉन-पॉल-जॉर्ज-रिंगो यांच्या पंगतीत, एक नाव छापलेलं: अनिल भागवत, तबला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव सहसा येत नसे. 'एलिनॉर रिग्बी' या दुसऱ्या गाण्यात आठ जणांनी तंतुवाद्यं वाजवली. त्यांची नावं त्या पाठीवर नाहीत. भागवतांचं आहे.

ती हकिगत मी मिळेल तिथून वाचून काढली. लंडनमध्ये मूळचे कर्नाटकातले अयन अंगडी 'एशियन म्युझिक सर्कल' नावाची संस्था चालवत. त्यांनी भागवतांना फोन केला: आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, ते सांगितलंच नाही. दारात रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा भागवतांना अंदाज आला. ॲबी रोडच्या स्टुडिओबाहेर मुली थर्मास आणि सँडविचेस घेऊन ताटकळत उभ्या होत्या. 11 एप्रिल 1966चा तो दिवस. जॉर्ज हॅरिसन तेव्हा 23 वर्षांचा, आणि पंडित रविशंकरांशी त्याची भेटही अजून व्हायची होती. रविशंकरांच्या अंगानं 16 मात्रांत काही वाजवा, बाकी तुम्हाला सुचेल तसं, एवढंच तो म्हणाला. पुढं कित्येक वर्षांनी भागवतांनी ही आठवण सांगितली तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान कशाचा होता, तर आपलं नाव रेकॉर्डवर छापलं गेलं याचा.

हे वाचलं आणि मी बराच वेळ पुढं वाचू शकले नाही. बाबांच्या मंडळाच्या पत्रिका आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. बुवांचं नाव ठळक, यजमानांचं नाव ठळक, आणि खाली 'साथसंगत: मंडळाचे कलाकार'. बाबांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण त्यांनी त्या पत्रिका जपून ठेवल्या होत्या.

तिथून माझं ऐकणं बदललं. दुसऱ्या गाण्याकडे मी परत गेले. एलिनॉर रिग्बी ही चर्चमधली एकटी बाई. ती मरते, तिच्या अंत्यविधीला कुणी येत नाही, आणि कुणी ऐकायला नसताना प्रवचन लिहिणारा पाद्री तिला मूठमाती देतो. दोन मिनिटांचं गाणं. ते मुख्यतः रचणारा पॉल मॅकार्टनीही 23चाच. या वयाच्या मुलाला एकट्या म्हाताऱ्या बाईकडे बघावंसं वाटलं, हेच मला फार मोठं वाटतं. मोजे रफू करणाऱ्या त्या पाद्र्याचे हातसुद्धा त्याला दिसले. आमच्या धरमपेठेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, मुलं परदेशी. जिन्यात भेटल्या की "बरं आहे ना?" एवढंच मी विचारत असे. आता संध्याकाळी चहाला जाते. त्या सीताबर्डीच्या जुन्या थिएटरांच्या, तिथल्या सिनेमांच्या गोष्टी सांगतात, आणि त्या सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. हे त्या गाण्यामुळे झालं असं मी त्यांना सांगितलेलं नाही, पण झालं त्यामुळेच.

शेवटचं गाणं, 'टुमॉरो नेव्हर नोज', मला सगळ्यात उशिरा उमगलं. रेकॉर्डवर ते शेवटी आहे, पण ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी, 6 एप्रिलला झालं. सगळं गाणं जवळपास एकाच सुरावर उभं. वरून टेपचे तुकडे गोल जोडून, वेगवेगळ्या यंत्रांवर फिरवत, पेन्सिलीच्या आधारानं ताणून धरत घातलेले चित्रविचित्र आवाज. पाश्चात्य संगीतातले लोक या एकाच सुराचं नवल करतात; मला तिथंच घरी आल्यासारखं झालं. मे महिना होता, बाहेर नागपूरचं ऊन, खोलीत कूलर तानपुऱ्यासारखा एकच सूर धरून बसलेला. हेडफोन काढला तरी षड्ज चालूच. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलतायत तसा हवा होता म्हणून तो ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला. असली मागणी पुरी करायला झटणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघा विशीतला. त्याचं नावही आता मला पाठ आहे.

मग साहजिकच पुढच्या वर्षीचा 'सार्जंट पेपर' ऐकला, 1967चा. जगभर गाजला तो. त्यातही हॅरिसनचं एक गाणं पूर्ण भारतीय वाद्यांवर आणि पाश्चात्य तंतुवाद्यांवर आहे. बाकीचे तिघे बीटल्स त्यात नाहीतच. दिलरुबा, तानपुरा, तबला, सगळं फार सुंदर. मी उत्सुकतेनं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर नामवंतांची गर्दी, त्यात परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी. गांधीजींचंही चित्र होतं, पण भारतात लोक दुखावतील या भीतीनं कंपनीनं ते काढायला लावलं. सेवाग्राम आमच्यापासून तास-दीड तासावर, त्यामुळे ते वाचताना थोडं लागलंच. पण खरं लागलं ते वेगळं. एवढ्या चेहऱ्यांच्या गर्दीत आत प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना जागा नव्हती. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, दिलरुबा. बुद्धदेव कंसारा, तानपुरा. नटवर सोनी, तबला. ही नावं लोकांपुढं नीट यायला जवळपास 50 वर्षं गेली. भागवतांच्या नावानं उघडलेलं दार एका वर्षात पुन्हा लागलं होतं, आणि तेही त्या रेकॉर्डवर, जिला आजही लोक सर्वश्रेष्ठ म्हणतात. मला 'रिव्हॉल्व्हर'च मोठा वाटतो. त्याचं एक कारण हे आहे, आणि ते सांगीतिक नाही असं मला वाटत नाही.

जानेवारी 1968मध्ये हॅरिसन मुंबईला आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत बसला आणि 'वंडरवॉल म्युझिक' या आपल्या अल्बमचा भारतीय भाग त्यानं इथल्याच वादकांकडून वाजवून घेतला. सनईवर शरद जाधव आणि हनुमान जाधव, बासरीवर एस. आर. केंकरे, संतूरवर शिवकुमार शर्मा. या वेळी नावं छापली. भाच्याला मी ती वाचून दाखवली तर तो म्हणाला, "आत्या, तू तर गाण्यापेक्षा नावंच जास्त ऐकून राहिली."

खरंच ऐकते. 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023मध्ये राज्यगीत झालं तेव्हा आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या तोंडी शाहीर साबळे होते. चाल श्रीनिवास खळ्यांची आणि शब्द नागपूरच्याच राजा बढ्यांचे, हे मी त्या वेळी दहा जणांना थांबवून सांगितलं. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला गाण्यांचे स्टॉल लागतात, तिथं गायकाचा फोटो पाहून झाला की मी मागची बाजू उलटून बघते. वरातीत आता माझं लक्ष पुढच्या ट्रम्पेटवाल्यापेक्षा मागं ढोल पेलत चालणाऱ्या माणसाकडे जातं.

गेल्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची पत्रिका माझ्याकडे होती. पेटी, तबला, पखवाज, टाळ, तानपुऱ्यावरच्या दोन मुली, सगळ्यांची नावं गायकाच्याच आकाराच्या अक्षरांत घातली. समितीतले एक काका म्हणाले, "ताई, एवढं कोण वाचते?" तबलजी कार्यक्रमानंतर स्वतःहून आले आणि दहा पत्रिका जास्तीच्या मागून घेऊन गेले. यंदा माइक लावणाऱ्या मुलांचीही नावं टाकायची आहेत. जागा पुरत नसेल तर जाहिरातीचा चौकोन छोटा करू, असं मी समितीला आत्ताच सांगून ठेवलंय.